वरून पाचवी ओळ

१

गुरुवारी अकराच्या ठोक्याला पाचपैकी चार कॉम्प्युटरवर धडा उघडलाच नाही. माहरुखने माउस टेबलावर असा आपटला की पुढच्या बाकावरची मुलं दचकून मागे सरकली.

"परत?" ती म्हणाली. "परत तेच?"

जिथे फुलपाखरू कोषातून बाहेर यायला हवं होतं तिथे पांढरा चौकोन आणि कोपऱ्यात लाल फुली. सलग चौथा गुरुवार. २००६ सालचा डिसेंबर संपत आला होता आणि माहरुखची सहनशक्तीही.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या या माध्यमिक शाळेला मुंबईच्या एका ट्रस्टने जूनमध्ये पाच जुने कॉम्प्युटर दिले होते आणि ते शिकवायला माहरुखला कंत्राटावर नेमलं होतं. सोमवार आणि गुरुवार, आठवड्यातून दोनच दिवस, ती महाडहून एसटीने यायची. धडे इंटरनेटवरून यायचे. ते हलायचे, बोलायचे, पण एका अटीवर. ब्राउझरला फ्लॅश नावाचा एक छोटा प्रोग्रॅम जोडलेला असतो, त्याला म्हणतात प्लग-इन. तो चालू असला पाहिजे. तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो, आणि कुणीतरी नेमका तोच बंद करत होतं. नोव्हेंबरात एकदा धडे आपोआप बंद पडले होते, तेव्हा तर माहरुखला कळलंच नव्हतं की बिघडलंय काय. तिने सगळ्या वायरी उपटून पुन्हा लावल्या होत्या, मग कुठे ती सेटिंग सापडली होती.

आता ती सवयीने एकेका यंत्रापुढे बसून पाढे म्हटल्यासारखी पुटपुटायची, "वरून तिसरं. मग पाचवी ओळ. मग खालचं गोल." मग इंटरनेटची वायर काढून ठेवून यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं. ती म्हातारी यंत्रं जागी व्हायला दहा-दहा मिनिटं घ्यायची. चार यंत्रं म्हणजे पाऊण तास, म्हणजे तास गेलाच. चार नंबरचं यंत्र तेवढं दर वेळी शाबूत असायचं, आणि त्याच्यावर आधीच उतरलेल्या धड्यावर तीस मुलं तुटून पडायची.

मुख्याध्यापक साळुंखे सर दारात येऊन उभे राहिले. सर वाईट नव्हते, पण त्यांना कुठल्याही गोष्टीचा दोष कुणाच्या तरी नावावर लिहिल्याशिवाय झोप लागत नसे.

"माहरुख मॅडम, पुढच्या गुरुवारी ट्रस्टचे देवस्थळी साहेब तास बघायला येणार. बघून तुमच्या नेमणुकीचं ठरवणार. आणि ही सेटिंग का काय ती, शाळेत तुमच्याशिवाय कोणाला येते?"

"सर, म्हणजे मीच करते म्हणताय?"

"मी काही म्हणत नाही. कोण करतं त्याचं नाव मला बुधवारपर्यंत द्या. नाही दिलंत तर मी साहेबांना काय सांगू, तुम्हीच सांगा."

२

माहरुखने हात टेकले नाहीत. तिने वहीत तीन नावं लिहिली. लॅबची किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला टांगलेली असायची आणि ती घ्यायचं कारण तिघांनाच होतं: गणिताचे सुनील सर, लिपिक चंदू आणि शिपाईकाम करणाऱ्या राहीबाई.

तिसरं नाव तिने लगेच खोडलं. राहीबाई सकाळी साडेसातला येऊन लॅब झाडायच्या, पुसायच्या आणि अकराच्या आत यंत्रं सुरू करून ठेवायच्या, पण त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. पगाराच्या कागदावर त्या अंगठा लावायच्या. इंग्रजी सेटिंग त्या काय उघडणार?

उरले दोघे. मधल्या सुट्टीत तिने सुनील सरांना पिंपळाखाली गाठलं. जूनपासून त्यांचे दोन तास कॉम्प्युटरला गेले होते आणि ते हे दर दोन दिवसांनी कुणाला तरी ऐकवत असत.

"सर, तुम्ही लॅबमध्ये जाता?"

"मी? माझा काय संबंध?"

"माउसखाली हिरव्या खडूची भुकटी असते. दहावीच्या फळ्यावर हिरव्या खडूने फक्त तुम्ही लिहिता."

सुनील सरांनी चारी दिशांना पाहून घेतलं. "मॅडम, साळुंख्यांना सांगू नका. मी फक्त चार नंबरला बसतो. कधी, तर मॅच असली की. स्कोअर दाखवणारी एक पट्टी त्यात टाकलीय. बाकी यंत्रांना मी बोट लावलं असेल तर शपथ."

"आणि माझा तास बंद पाडायला?"

"तुमचा तास बंद पडला म्हणून माझा मला परत मिळाला का? तुम्ही पोरांना चित्रं काढायला बसवता. मला काय फायदा?"

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे माहरुख आणखी चिडली.

चंदू ऑफिसात कागदांच्या ढिगामागे होता. माहरुखने तोंड उघडायच्या आधी त्यानेच सुरुवात केली. "मॅडम, तुमचं चार नंबर काय कामाचं नाय हां. मागच्या गुरुवारी शिष्यवृत्तीचं परिपत्रक उघडायला बसलो. बाकीची तुम्ही बंद-चालू करत होता, म्हणून पोरांना हटवून चारवर बसलो. पडदा पांढरा तो पांढराच."

"ते यंत्र चांगलं चालतं, चंदूभाऊ. धडा उघडतो त्यावर."

"धडा उघडत असंल. माझा कागद उघडत नाय."

माहरुखने ते कानाआड केलं. तिला दुसरंच विचारायचं होतं. "तुम्हाला कॉम्प्युटरचा तास नको असतो, बरोबर?"

चंदूने टेबलावरच्या काळ्या फोनकडे बोट केलं. "लाइन एकच हाय. तुमचं इंटरनेट सुरू झालं की हा मुडदा. नाक्यावरचा बूथवाला मे महिन्यात बूथ बंद करून मुंबईला गेला, तेव्हापासून सगळ्या गावाला हाच फोन. मला शिव्या पडतात. पण मॅडम, मला तुमचं बंद पाडायचं असतं ना, तर मी वायर उपटली असती. दोन सेकंदांचं काम."

वायर उपटली असती तर ते सगळ्यांना दिसलं असतं, आणि तिनेही ती दोन सेकंदांत परत लावली असती. ज्याने हे केलं त्याला लपूनही राहायचं होतं आणि वेळही खायचा होता. पण कोण तो? नावं संपली होती आणि बुधवार तोंडावर आला होता.

३

सोमवारी सगळं सुरळीत होतं. सोमवारी ते नेहमीच सुरळीत असायचं, आणि यानेच तिच्या डोक्याचा भुगा झाला होता. ज्याला कॉम्प्युटरचा राग आहे, त्याला सोमवारी राग येत नाही?

तास संपल्यावर ती चार नंबरपुढे बसली. चंदूचं बोलणं आता कानाआडून पुढे आलं होतं. तिने परिपत्रक उघडून पाहिलं. पांढरा पडदा. मग सेटिंग उघडली, प्लग-इनची यादी समोर आली आणि माहरुख पुढे वाकली.

इथेही एक प्लग-इन बंद होता. फ्लॅश नव्हे, तर कागद उघडणारा.

म्हणजे चार नंबर शाबूत नव्हतंच. त्यालाही दर गुरुवारी हात लागत होता, फक्त चुकीच्या जागी. पण चूक का व्हावी? यादीत नावं स्वच्छ लिहिलेली होती. चार यंत्रांवर ज्याला फ्लॅश सापडतो, त्याला उरलेल्या एकावर का सापडू नये?

तिने तीन नंबरची यादी उघडली आणि दोन्हींच्या ओळी वहीत शेजारीशेजारी उतरवल्या. तीन नंबरवर फ्लॅश पाचव्या ओळीत होता. चार नंबरवर सगळ्यात वर एक जादा ओळ होती, सुनील सरांची क्रिकेटची पट्टी. तिच्यामुळे सगळ्या ओळी एकेक पायरी खाली सरकल्या होत्या. फ्लॅश सहावा झाला होता. आणि बंद केलेला होता तो पाचवा.

माहरुखने पेन खाली ठेवलं. सुनील सरांना इंग्रजी वाचता येतं. चंदू दिवसभर इंग्रजी टाइप करतो. वाचता येणारा माणूस नाव शोधेल आणि नावावर क्लिक करेल. हे करणाऱ्याने नाव वाचलंच नव्हतं. त्याने ओळी मोजल्या होत्या.

आणि त्या मोजायला शिकवलं कुणी? वरून तिसरं, मग पाचवी ओळ, मग खालचं गोल. नोव्हेंबरातल्या त्या दिवसापासून ती हे मोठ्याने घोकत होती, आणि दाराशी ओलं फडकं घेऊन एक बाई उभी असायची. एकच फरक होता. तिने खालचं गोल चालू करायला वापरलं होतं. त्याच्याशेजारी दुसरं गोल होतं, बंद करायचं.

जे नाव तिने सर्वांत आधी खोडलं होतं, तेच बरोबर होतं. पण राहीबाईने हे का करावं?

४

"का"चं उत्तर महाडला तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मिळालं.

तिची आई हफिजा तांदळाची भाकरी थापत होती आणि माहरुख पाटावर बसून शाळेच्या नावाने खडे फोडत होती. "फक्त गुरुवार, आई. सोमवारी काही नाही. काय आहे त्या गुरुवारात?"

"बाजार नसतो का तिथे गुरुवारचा?" हफिजा म्हणाली. "डोंगरावरच्या बाया उतरतात ना?"

"उतरतात. शाळेच्या पडवीत सावलीला बसलेल्या असतात. त्यांचा काय संबंध?"

"सावलीला? थंडीच्या दिवसांत?" हफिजाने भाकरी उलटली. "तुझे अब्बा कुवेतला होते तेव्हा मी शुक्रवारी चार वाजता तांबोळ्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. लोकांना वाटायचं गप्पा मारायला येते. मी फोनची वाट बघायची. शुक्रवार हीच त्यांची सुट्टी. आणि तांबोळ्यांची थोरली नेमकी त्याच वेळी मैत्रिणीशी बोलत बसायची. तासतासभर!"

"मग तू काय करायचीस?"

"एकदा चहा द्यायच्या निमित्ताने आत गेले आणि वायरीवर पाय दिला. निघाली पिनमधून. तिला वाटलं लाइन गेली." हफिजाने हसत तव्यावरची भाकरी उतरवली. "त्या दिवशी तुझ्या अब्बांचा फोन लागला. तीन आठवड्यांनी."

माहरुख जेवण तसंच ठेवून उठली. सकाळची पहिली एसटी सव्वासहाला होती. पण उद्या मंगळवार होता, गुरुवारपर्यंत थांबणं भाग होतं. बुधवारी साळुंखे सरांचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं, "नाव उद्या सांगते, सर. साहेबांच्या समोर."

५

गुरुवारी साडेसातला लॅबचं दार लोटलेलं होतं. माहरुख चपला काढून अनवाणी आत गेली.

राहीबाई दोन नंबरपुढे उभ्या होत्या. झाडू भिंतीला टेकवलेला. डाव्या हाताचं बोट पडद्यावरून एकेक ओळ खाली उतरत होतं आणि ओठ हलत होते. "येक, दोन, तीन, चार, पाच."

"मावशी."

राहीबाई वळल्या. घाबरल्या नाहीत. त्यांनी माउसवरचा हात काढून लुगड्याला पुसला, इतकंच.

"माझी नोकरी जाईल आज," माहरुख म्हणाली. तिचा आवाज चढला, आणि तो चढतोय याचाही तिला राग आला. "चार आठवडे मी वेड्यासारखी शोधतेय. मला एकदा सांगायचं होतं!"

"सांगून काय केलं आसतंत? मोठ्या सरांना चंदूनं सांगितलं व्हतं दसऱ्याला. सर म्हनले, येळापत्रक मुंबईवरनं येतं."

"पण हे बंद केलं की लाइन मोकळी होते, हे कळलं कसं तुम्हाला?"

"येकदा आपोआप बंद पडलं व्हतं न्हवं का? त्या दिशी तुमी मशिनी खोलून बसलात, आन् हापिसात फोन वाजला. जनीला तिच्या न्हवऱ्याचा." राहीबाईने खिडकीतून पडवीकडे पाहिलं. एवढ्या सकाळी तिथे कुणी नव्हतं. "वर डोंगरातल्या कुडपणची समदी मानसं मुंबईला येकाच गोदामात हायत. त्यांची सुट्टी गुरवारी. गावकीच्या खोलीत समदी ऱ्हात्यात, तिथनं उतरून येकच फोन लावत्यात, आन् पाळीपाळीनं बोलत्यात. मोठ्या घराचा आदी, मग धाकट्याचा. आकरा ते बारा. तुमचा तास बी आकरा ते बारा. नऊ बाया डोंगर उतरून येत्यात, म्याडम. आन् फोन मुका."

जूनपासून दर गुरुवारी माहरुख त्या नऊ बायकांच्या पायांशेजारून लॅबमध्ये गेली होती. त्यातल्या एकीचंही तोंड तिला आठवेना. तिला स्वतःची लाज वाटली, आणि तरीही नोकरीची काळजी तसूभर कमी झाली नाही.

"तुमचंही कुणी आहे ना तिकडे?"

"महादू. माजा ल्योक." एवढं बोलून राहीबाईने झाडू उचलला.

माहरुखने घड्याळ पाहिलं. देवस्थळी साहेब साडेदहाला येणार होते. तिने एक आणि दोन नंबरवर प्लग-इन चालू केला, मग चार नंबरची पट्टी काढून टाकली. आज पाचही यंत्रं चालणार होती. नाव सांगायचं की नाही एवढंच उरलं होतं.

६

देवस्थळी साहेब पुढच्या बाकावर बसले. मुलं पाच यंत्रांभोवती दाटीने उभी राहिली. साळुंखे सर हात मागे बांधून दाराशी.

अकराला दोन मिनिटं कमी असताना माहरुखने इंटरनेट जोडायला वायर हातात घेतली आणि खिडकीतून तिची नजर पडवीत गेली. नऊ जणी. टोपल्या बाजूला, पदर आवळलेले, डोळे ऑफिसच्या दाराकडे. यातली जनी कुठली, हेही तिला ओळखता येत नव्हतं.

"चला मॅडम," साळुंखे सर म्हणाले. "आधी ते नाव सांगा. साहेबही ऐकतील."

माहरुखला वाटलं, सांगून टाकावं. दोन शब्दांचं काम. राहीबाईला काढतील, तिला ठेवतील, दुसरी कुणीतरी लॅब झाडेल. नाव ओठांवर आलंही होतं. पण दोष खरा कुणाचा ते सकाळपासून तिला माहीत होतं, आणि माहीत असलेलं उत्तर चुकीचं लिहायची तिला सवय नव्हती.

"नाव लिहा, माहरुख झकेरिया," ती म्हणाली. "गुरुवारी अकराचा तास जूनमध्ये मी मान्य केला. लाइन एकच आहे हे मला माहीत होतं. बाहेर कोण बसतं हे मी सहा महिने पाहिलं नाही. प्लग-इन बंद पडला तो त्यामुळे. साहेब, आजचा तास होणार नाही."

तिने हातातली वायर न जोडताच खाली टाकली. साळुंखे सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. देवस्थळी साहेब उठले.

"म्हणजे बंद करणाऱ्या तुम्हीच? मी पावणेदोनशे किलोमीटर प्रवास करून आलोय! मला ऑफिसला कळवावं लागेल."

त्यांनी मोबाइल काढला. रेंज नव्हती. ते तावातावाने ऑफिसकडे निघाले. त्याच वेळी काळा फोन वाजला, आणि पहिली बाई त्यांच्या आधी आत शिरली.

साहेबांना थांबावं लागलं. चंदूने त्यांना पडवीतल्या बाकाच्या टोकाला जागा दाखवली, दहावा नंबर. आतून बोलणं ऐकू येत होतं. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोराला गोवर आला, कुणाचा न्हवरा दिवाळीला आला नाही तो शिमग्याला येणार का. जनीची पाळी आली तेव्हा ती पहिली दोन मिनिटं नुसती रडली आणि तिसऱ्या मिनिटात सगळं बोलून मोकळी झाली. साहेबांनी तीन वेळा घड्याळ पाहिलं. मग पाहायचं सोडलं.

सव्वाबाराला त्यांच्या हातात फोन आला. ते ऑफिसला काय बोलले ते कुणी ऐकलं नाही. बाहेर येऊन ते साळुंखे सरांना म्हणाले, "हा तास मंगळवारी घ्या. मंगळवारी मी परत येतो. तोपर्यंत मॅडमच्या नेमणुकीबद्दल काही लिहू नका."

"साहेब, वेळापत्रक मुंबईहून..." साळुंखे सर म्हणाले.

"मुंबईहूनच सांगतोय ना मी."

७

शाळा सुटल्यावर माहरुखला पिसासारखं हलकं वाटत होतं. गुन्हेगार सापडला होता, कुणाचं नाव गेलं नव्हतं, नोकरी बहुतेक राहणार होती. महिन्याभराचा वैताग एका दिवसात उतरला होता. ती स्वतःवरच खूश होऊन लॅबमध्ये गेली. राहीबाई यंत्रांवर प्लास्टिकची झाकणं घालत होत्या.

"मावशी, आता महादूला सांगून टाका. पुढच्या गुरुवारी खुशाल फोन कर म्हणावं. आज त्याची पाळी चुकली का?"

राहीबाईने शेवटचं झाकण नीट ओढून घेतलं.

"महादू आता कुठला फोन करतोय, म्याडम? गनपतीच्या आदी गेला तो. कावीळ झाली व्हती. हास्पिटलातनं तीन गुरवार फोन लावला म्हनं त्यानं. लाइन लागंना." त्यांच्या आवाजात दोष देण्यासारखं काहीच नव्हतं. "मी पडवीतच बसलेली, दारात. आत पोरं हसत व्हती."

माहरुख बाकावर बसली.

"मग... आता तुम्ही हे सगळं कुणासाठी करत होता?"

"जनीला तरी लागंल म्हनलं," राहीबाई म्हणाल्या, आणि बादली उचलून पाणी ओतायला बाहेर गेल्या.

भाद्रपदात महिनाभर लॅब झाडली गेली नव्हती. यंत्रांवर धुळीचा थर बसला होता. माहरुखने तेव्हा शाळेच्या तक्रारवहीत दोन ओळी लिहिल्या होत्या, स्वच्छ अक्षरात, खाली सही करून. राहीबाई कुठे गेल्यात, हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं.